उपोषणाला बिस्किटांची खोकी

पुण्याहून भूमला जाणारी एसटी पहाटे सुटते. त्या वेळी माणूस स्वतःचं अंगही मोठ्या नाखुशीनं उचलतो, आणि माझ्याबरोबर तर बिस्किटांची चार मोठी खोकी होती. कंडक्टरनं विचारलं, "यात काय आहे?"

"बिस्किटं. भूमकडच्या उपाशी लोकांसाठी."

कंडक्टर भूमचेच निघाले. त्यांनी एकदा खोक्यांकडे, एकदा स्वतःच्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं आणि माझं बायकांचं अर्धं तिकीट काढून दिलं.

झालं होतं असं. भूम आणि ईटच्या मध्ये कुठंतरी एक वस्ती आहे, तिथल्या बायका रस्त्यावर बसल्याचं आम्ही टीव्हीवर पाहिलं होतं. पाऊस, चिखल, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका आणि त्यांच्यापुढं पालथे घातलेले रिकामे डबे. त्यातली एक बाई तावातावानं काहीतरी सांगत होती, पण तिच्या आवाजावर निवेदकाचा आवाज चढवलेला होता. तो म्हणत होता, मराठवाड्यात चुली थंडावल्या. चहा निवायच्या आत बातमी संपली. पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती चार दिवस चालली. निम्म्यांनी रडकी तोंडं पाठवली. उरलेल्या निम्म्यांचे पुढारी, म्हणजे आमचे सचिव दामले, म्हणाले, "या लोकांना बसायचा रोज मिळतो." शेवटी रडक्या पक्षानं बिस्किटं गोळा केली. ती नेणार कोण? मी जन्मभर पोस्टात नोकरी केली, वस्तू पत्त्यावर पोचवायची खोड अजून गेलेली नाही. मी हो म्हटलं.

गाडीनं बार्शी गाठेपर्यंत त्या आंदोलनाबद्दल मला बरीच माहिती मिळाली. शेजारच्या गृहस्थांनी सांगितलं, सगळं राजकारण आहे. मागच्या बाकावरून कोणी म्हणालं, राजकारण नाही, खरोखर उपासमार आहे. तिसऱ्याच्या मते दोन्ही होतं. "तुम्ही पाहून आलात?" असं मी विचारलं, तर तिघांनीही मोबाइल दाखवले. पण गाडी जसजशी भूमच्या जवळ गेली, तसतसे माहीतगार कमी होत गेले, आणि भूमच्या स्टँडवर उतरले तेव्हा एकही उरला नव्हता. समोरच्या खव्याच्या दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "उपासमार? इथं? बाई, आदी खवा चाखून बघा, मंग बोला." ताजा, दाणेदार, अजून कोमट असलेला खवा त्यानं कागदावर पुढं केला. उपाशी माणसांकडे जाताना आपण खवा खावा हे माझ्या मनाला पटेना. मी मान फिरवली. सकाळपासून पोटात एका चहापलीकडे काही नव्हतं, तरी मी मान फिरवली. या सोवळेपणाचा पुढं फार उपयोग झाला.

पुढचा प्रवास काळीपिवळीनं (भाड्याच्या जीपनं) केला. ड्रायव्हर सत्तारभाईंना वस्ती नीट ठाऊक होती, कारण रोज सकाळी तिथलं दूध तेच भूमला आणतात.

"बसल्यात की बाया, हप्ता झाला. लई सबुरीच्या बाया हायेत," ते म्हणाले. "पर उपासमार कसली? म्हशी हायेत घरोघर. झगडा रस्त्याचा हाय."

"कुठल्या रस्त्याचा?"

"ह्योच की. आपुन चाललोय त्योच."

मला काही कळेना, कारण रस्ता फारच सुंदर होता. सिमेंटचा, सपाट, दोन्ही बाजूंना श्रावणातलं हिरवंगार सोयाबीन. पुण्यात असा रस्ता दिसला तर आम्ही त्याचा वाढदिवस साजरा करू. पाच मिनिटं मी असं कौतुक करत होते आणि सत्तारभाईंनी करकचून ब्रेक मारला.

"उतरा. रस्ता सपला."

डाव्या हाताला एक दुमजली बंगला होता. त्याच्या फाटकासमोर सिमेंट सुरीनं कापल्यासारखं थांबलं होतं. पुढं चिखल, मग ओढा, मग पुन्हा चिखल, आणि त्यापलीकडे वस्तीची पत्र्याची छपरं. फाटकाशेजारी रस्त्याची पाटी होती. तिच्यावर रस्ता वस्तीपर्यंत पूर्ण झाल्याचं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. रस्ता बंगल्यापर्यंत आला, दमला आणि पाटीला पुढं जायला सांगून स्वतः इथंच बसला, असं काहीसं ते दृश्य होतं.

सिमेंट संपतं तिथंच ताडपत्रीचा मांडव होता. दहा-बारा बायका बसल्या होत्या, कोणी वाकळ (गोधडी) शिवत होतं, कोणी वाती वळत होतं. पुढं तेच पालथे डबे होते. जवळून पाहिल्यावर कळलं की ते दुधाचे कॅन होते. मी खोकी उतरवून घेतली, पदर सारखा केला आणि पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, "पुण्याच्या भगिनींकडून आपल्यासाठी खाऊ."

मधोमध बसलेल्या साठीच्या बाईंनी सुई थांबवली. या शेवंताबाई, आंदोलनाच्या म्होरक्या. टीव्हीवर ज्यांचा आवाज दाबला होता त्याच.

"बिस्कुटं हायेत का त्यात?" त्यांनी विचारलं.

"हो. चांगली आहेत, दुधाची."

"बाई, आमी उपोषणाला बसलोय."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी खोक्यांकडे बघत होते. तेवढ्यात कोपऱ्यात पटका बांधून बसलेले नामदेवतात्या म्हणाले, "बिस्कुट उपासाला चालत न्हाय. आनायचाच व्हता तर साबुदाना आनायचा."

"तात्या, तुमी गप बसा," शेवंताबाई कडाडल्या.

तात्यांची कथा मला मागाहून कळली. हे साखळी उपोषण होतं, म्हणजे रोज नव्या दहा-बारा जणांनी बसायचं, एक दिवस-रात्र काही खायचं नाही, सकाळी पुढच्यांनी बसायचं. पहिल्या दिवशी नेमका श्रावणी सोमवार होता. तात्या उपोषण म्हणजे सोमवारचा उपासच समजले आणि घरून भगर आणि दाण्याची आमटी आणून मांडवात सर्वांसमोर शांतपणे जेवले. वर हात धुऊन महादेवाला नमस्कार केला. बंगल्यातल्या कोणीतरी ते पाहिलं. तेव्हापासून गावात बोलवा झाली की हे लोक चोरून खातात, उपोषण बिपोषण काही नाही.

"तवापासून कुनी इस्वास ठेवंना," शेवंताबाई म्हणाल्या. "पावसाळ्यात दूध डोक्यावर घिऊन वढा वलांडावा लागतोय. पानी चढलं की दूध अलीकडं येत न्हाय, घरातच नासतंय. रस्ता आमच्या नावानं आला आन ह्या बंगल्यावाल्या बापूच्या दारात बसला. एवढंच म्हननं हाय आमचं. आन आज टीव्हीवाला पुन्यांदा येनार हाय. त्यानं जर ही खोकी दावली, तर झालं. तात्याची भगर लोक अजून इसरले न्हाईत."

उपोषणाच्या मांडवात बिस्किटांची चार खोकी! दामल्यांना मी स्वतःच्या हातानं पुरावा आणून दिला होता. आम्ही खोकी उचलून ओढ्याकडे निघणार, तोच सिमेंटवरून पांढरी गाडी येताना दिसली. शेवंताबाईंनी दोन सेकंदांत निर्णय घेतला. खोकी दोनावर दोन रचली, वर अर्धवट शिवलेली वाकळ पसरली आणि माझा दंड धरून मला वर बसवलं.

"आता उठू नका, काय बी झालं तरी," त्या म्हणाल्या.

टीव्हीवाला मुलगा पंचविशीचा, घाईत असलेला. त्यानं बायकांवरून एकदा कॅमेरा फिरवला. शेवंताबाईंनी रस्ता, ओढा, दूध असं सांगायला सुरुवात केली, तर म्हणाला, "मावशी, हे मागच्या वेळी झालं. नवीन काय आहे?" आणि मग त्याला मी दिसले. सगळ्यांपेक्षा दोन फूट उंच, चष्मा लावलेली, इस्त्रीची साडी नेसलेली.

"आपण कुठून आलात?"

"पुण्याहून."

त्याचे डोळे लकाकले. "पुण्याहून, यांना पाठिंबा द्यायला? आणि आपण कधीपासून उपाशी आहात?"

खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि गंमत म्हणजे बोलावंही लागलं नाही. "सकाळपासून पोटात अन्न नाही," मी म्हटलं. बोलताना जरा हलले, तर खालून करकर असा आवाज आला.

"कसला आवाज?" तो थबकला.

"हाडं हायेत त्येंची," शेवंताबाई म्हणाल्या. "म्हातारं मानूस हाय, उपाशी बसलंय."

त्यानं हळहळून मान हलवली आणि कॅमेरा माझ्यावरच ठेवला. रस्ता बोलून झाला, ओढा बोलून झाला, पण सगळं माझ्या तोंडून. संध्याकाळी पुन्हा थेट दाखवायचं आहे म्हणून तो मुक्कामालाच राहिला. शेवंताबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "आता तुमी बोललाव. उद्या सकाळपत्तूर खोटं पडायचं न्हाय."

दुपारी वारा फिरला आणि ओढ्यापलीकडच्या खव्याच्या भट्टीचा वास थेट मांडवात आला. सकाळी कागदावर नाकारलेला तो कोमट खवा मला डोळ्यांसमोर दिसत होता. तेवढ्यात बंगल्यातून खुद्द बापू आले. पांढरंशुभ्र धोतर, गोड आवाज, हात जोडलेले. माणूस अजिबात वाईट नव्हता, हाच वैताग होता.

"बाई, शेंगोळी केल्यात घरात. चला, दोन घास खा. पुन्याची पाव्हनी आमच्या दारात उपाशी बसली, ही शरमेची गोष्ट हाय."

"बापू, या बायका आठवडाभर तुमच्या दारात उपाशी बसल्यात," मी म्हटलं.

बापूंना खरंच आश्चर्य वाटलं. "त्या व्हय? त्या घरच्याच हायेत की."

मला एवढा राग आला की मी उठणारच होते. शेवंताबाईंनी माझा गुडघा दाबून मला पुन्हा बिस्किटांवर बसवलं. बापूंच्या शब्दांचं मला जेवढं लागलं तेवढं त्यांना लागलेलं दिसलं नाही. त्या मान खाली घालून टाके घालत राहिल्या.

संध्याकाळच्या बातम्यांनंतर आमच्या ह्यांचा फोन आला. "अगं, तू बिस्किटं वाटायला गेली होतीस ना? उपोषणाला कधी बसलीस? बी.पी.ची गोळी घेतलीस का?" म्हटलं, घेतली, पाण्याबरोबर. मग म्हणाले, दामल्यांनी ग्रुपवर तुझा फोटो टाकलाय, खाली लिहिलंय, आमच्या सोसायटीचा अभिमान.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी जीप आली. आठवडाभर जे साहेब भूमहून इथवर येऊ शकले नव्हते, त्यांना आता रस्ता सापडला होता. चांगलाच होता तो, फाटकापर्यंत. साहेबांनी फक्की (आखणीची पांढरी भुकटी) मागवली, चिखलातून ओढ्यापर्यंत दोन रेघा मारायला लावल्या आणि काम लगेच सुरू होईल असं कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं. मग लिंबूपाण्याचा ग्लास घेऊन ते उपोषण सोडवायला वळले, थेट माझ्याकडे. मी ग्लास घेतला आणि शेवंताबाईंच्या हातात दिला. कॅमेरावाला मुलगा म्हणाला, "मॅडम, तो फोटो नीट नाही आला. परत एकदा, तुम्ही प्या." मी त्याला पोस्टाच्या खिडकीवरच्या माझ्या जुन्या आवाजात सांगितलं, "फोटो येवो न येवो, पाणी त्या पिणार." शेवंताबाई एका दमात प्याल्या. त्यांनाही भूक लागली होती, हे त्या दिवसभरात कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

माणसं पांगल्यावर खोकी उघडली. मी रात्रभर बसून सगळ्या बिस्किटांचा भुगा केला होता. "वाया कशाला घालवायचं," म्हणत बायकांनी तो भट्टीवर नेला, खव्यात घातला, साखर टाकून परतला आणि वड्या थापल्या. निघताना डबाभर वड्या माझ्या पिशवीत आल्या. सत्तारभाईंनी भाडं घेतलं नाही. म्हणाले, "टीव्हीवर देखा आपको."

सोसायटीत मला हार घातला. मी डबा उघडला. दामल्यांनी दोन वड्या खाल्ल्या आणि म्हणाले, "वा! ही खास तिकडची मिठाई दिसते. अस्सल चव वेगळीच." आपलीच बिस्किटं आपल्याकडे परत आली होती आणि सगळ्यांना मराठवाडा कळला होता. मलाही काय कळलं होतं म्हणा, मी त्या बिस्किटांवर बसून आले होते इतकंच.

परवा शेवंताबाईंचा फोन आला.

"रस्ता आला का?" मी उत्साहानं विचारलं.

"कुटला? फक्की व्हती, ती पावसानं धुतली. आमी परत बसलोय."

"टीव्हीवाला?"

"त्यो येईना. म्हनतोय नवीन काय हाय. सायेब बी येईनात. फोनवर इचारलं, त्या पुन्याच्या बाई आल्यात का? म्या म्हनलं, येनार हायेत." मग म्हणाल्या, "बाई, आमी बसलो तर कुनाला दिसत न्हाय. तुमी बसला की दिसतंय. आमाला खोटं पाडू नका. खायाला कायबी आनू नका, नुसतं बसायला या."

उद्याच्या भूम गाडीचं तिकीट काढलंय. ह्यांनी विचारलं, बरोबर काय बांधून देऊ? म्हटलं, बांधू काहीच नका. आत्ता पोटभर वाढा.