दसऱ्याले उघडलेलं बोनट

आमच्या गावात मोटार आली ते बैलजोडीच्या मागं बांधून. हसू नका, खरी गोष्ट आहे. रिठदच्या पलीकडं एका देशमुखाच्या बंगल्यामागं ही अमेरिकन गाडी पडून होती. लढाईत पेट्रोल मिळेना झालं, तवापासून कोणी तिले हात लावला नव्हता. मागच्या सीटवर कोंबड्या अंडे घालत, अन् दाराचं लाकूड उधळीनं खाऊन टाकलं होतं. मी देशमुखाच्या इहिरीवरचा पंप दुरुस्त करून देला, तवा ते म्हणले, "घेऊन जाय बाबा ते खटारं, जागा अडवून राह्यलं."

मी वाशिमच्या जिनात फिटर होतो. जिन म्हंजे कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना. दिवाळीच्या सुमाराले सुरू होये, उन्हाळ्यात बंद पडे, मंग बाकीचे महिने मी गावाकडं. कापसाची भुसभुस नाकातोंडात जाऊन जाऊन मले खोकला लागला होता, अन् मुकादमाचं तोंड तर बाप्पा, इचारूच नका. गाडी पाह्यली अन् मी मनात ठरवून टाकलं. ही उभी करायची, अन् वाशिमाहून शिरपूरच्या जैन मंदिराले जाणारे यात्रेकरू वाहायचे. भोंगा नाही, मुकादम नाही, माहा मीच मालक.

देशमुखाच्या कारकुनानं इचारलं, कागदावर नाव कोणाचं टाकू? मी मोठ्या भावाचं सांगतलं. काहून? अवो, घरात शेतापासून बैलबंडीपर्यंत सारं त्याच्याच नावावर. मोठा भाऊ जिता असताना लहान्यानं सोताचं नाव पुढं करायचं, हे आमच्याकडं तोंडातून निघतच नाही. बावळट म्हणा मले.

भावानं गोठ्याची एक बाजू मोकळी करून देली. पह्यले दोन महिने नुसते गंजाशी भांडण्यात गेले. पिस्टन सिलिंडरात असे चिकटले होते का हलायचं नाव नाही. रॉकेल ओतायचं, आठ दिवस वाट पाहायची, मंग लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकायचं. व्हॉल्व एकेक करून हातानं घासले. अकोल्याच्या भंगारात लढाईतल्या ट्रकांचा माल भेटे. तिथून मी तेलाचे ब्रेक आणले, बारा व्होल्टची बॅटरी आणली, कार्बोरेटर आणलं. जुन्या सळईच्या ब्रेकानं गाडी थांबली कमी अन् केकाटली जास्त असती. दाराची लाकडी चौकट गावच्या सुतारानं सागवानात नवी करून देली.

सीटा बायकोनं शिवल्या. घरचाच कापूस भरला, दाभणानं टाके घातले, बोटाले भोकं पाडून घेतले. मी म्हणलं, "पह्यल्या दिवशी समोर तूच बसजो." तिनं दातानं दोरा तोडला अन् पुढचा टाका घातला.

भाऊ रोज संध्याकाळी वावरातून आला का गाडीजवळ उकिडवा बसे अन् इचारे.

"लहान्या, हे रॉकेलवर चालन का रे?"

"चालन. सुरू पेट्रोलवर करा लागन, गरम झालं का रॉकेलवर टाकायचं."

"एका जाग्यावर उभं ठेवून चार घंटे चालवलं तर तापन?"

मी खुशीत. वाटलं, भाऊ शिकून राह्यला, उद्या माह्यासंगं गाडीवर बसन. त्याच्याच म्हणण्यावरून मी ट्रकाचं मोठं रेडिएटर बसवलं. मी छताचा इषय काढला का तो म्हणे, "ते होईन मंग, आधी इंजन पाह्य." दोन वर्षं असंच चाललं. इंजन पह्यल्यांदा फिरलं तवा मी खरंच रडलो, अन् भावानं माह्या पाठीवर हात फिरवला. तो हात आठवला का अजून माहं डोकं तापते.

त्या सालच्या पोळ्यानंतर मी वाशिमले गेलो अन् मुकादमाच्या तोंडावर सांगून आलो, यंदा मी येत नाही, दुसरा पाहून घ्या. घरी येऊन भावाले सांगतलं. "बरं केलं," तो म्हणला. मंग म्हणला, "दसऱ्याच्या आधी अकोल्याले जाऊन छताची ताडपत्री घेऊन ये. घाई करू नको, चार दिवस राह्य, चांगली पाहून आण." किती काळजी भावाले! मी खांद्यावर पिशवी टाकून निघालो.

दसऱ्याच्या सकाळी ताडपत्रीची गुंडाळी डोक्यावर घेऊन मी गोठ्यात शिरलो. गाडी जाग्यावरच होती. बोनट दोन्ही बाजूनं उघडं होतं. आत काहीच नव्हतं. इंजन नाही, रेडिएटर नाही, बॅटरी नाही. खाली माती दिसे. चोरी झाली म्हणून मी बोंबलत बाहेर पळालो, तं गल्लीत कोणीच नाही. सारं गाव आमच्या इहिरीजवळच्या दाण्याच्या कोठ्यापाशी जमलं होतं.

तिथं माहं इंजन होतं. दोन सागवानी ओंडक्यांवर बसवलेलं, बोल्ट ठोकून पक्कं केलेलं. आमच्याकडं दसऱ्याले अवजारं पूजतात, तशी त्याले झेंडूची माळ घातली होती, कुंकू लावलं होतं. इंजनाले पट्टा, अन् पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाले दळायची चक्की. बाया ज्वारीच्या टोपल्या घेऊन रांगेत बसल्या होत्या. साऱ्या गावाले ठाव होतं. मी एकटाच राह्यलो होतो.

भाऊ नारळ घेऊन पुढं आला. "ये लहान्या, तुह्याच हातानं फोड. सारी तुहीच करामत आहे." मंग लोकायकडं वळून म्हणला, "गावाले चक्की झाली. रिसोडले दळण न्यायचं काम नाही. अन् सांभाळाले घरचाच फिटर. त्यानं जिनातली नोकरीही सोडली!"

लोक म्हणले, वा रे वा.

माह्या डोक्यात अशी तिडीक गेली का नारळ त्याच्याच कपाळावर फोडावा. पण दसऱ्याची पूजा, सारं गाव समोर, मोठा भाऊ नारळ धरून उभा, अन् कागदावर नावही त्याचंच. कोणत्या तोंडानं नाही म्हणू? हेच त्यानं हेरलं होतं, लेकाच्यानं. मी नारळ फोडला.

भावानं धोतर खोचलं अन् हँडल धरलं. ठिणगी लवकर-उशिरा पाडायची इंजनावरची दांडी कोणी तरी पुढं लोटून ठेवली होती. तशात हँडल फिरवलं का इंजन उलटा झटका देते अन् मनगट मोडते. मले ठाव होतं, त्याले नाही. मी गप्प बसलो. खोटं कायले सांगू, घटकाभर गप्पच बसलो. त्यानं जोर लावाले खांदा वाकवला, तवा मी वरडलो, "थांब भाऊ! हात मोडून घेशील!"

दांडी मागं घेतली अन् हँडल मीच मारलं. पह्यल्याच झटक्यात इंजन धरलं. एवढं चांगलं ते गोठ्यात कधी चाललं नव्हतं.

पह्यली टोपली चक्कीत ओतली माह्या बायकोनं.

"तुले ठाव होतं?" मी तिले बाजूले घेऊन इचारलं.

"हाव. उन्हाळ्यापासून."

"अन् मले सांगतलं नाही?"

"सांगतलं असतं तर तुमी इंजन एवढं चांगलं केलं असतं?" ती म्हणली. तिच्या तळहाताले जात्याच्या खुंट्याचे घट्टे होते. सीट शिवताना ते माह्या डोळ्यासमोरच होते, मी कधी धड पाह्यले नव्हते. तिनं पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं अन् पुढच्या बाईले टोपली उचलू लागली.

चक्की मी सांभाळली नाही. दिवाळीनंतर मुकादमाच्या दारात जाऊन उभा राह्यलो. त्यानं मले फिटरीवर घेतलं नाही, तेल घालाच्या कामावर घेतलं, अन् मी ते मुकाट्यानं केलं. गावाचं भलं झालं, बायांचे हात मोकळे झाले, मले दिसत नाही असं नाही. मी बायकोले आजही म्हणतो, मले एकडाव इचारलं असतं तर मी सोता पाने घेऊन इंजन काढून देलं असतं. ती म्हणते, "नसतं देलं."

नसतंही देलं कदाचित. पण भावानं इचारून तर पाहायचं होतं ना मले!