बिडकीनच्या कोरड्या तळ्यात

सकाळी पुण्याहून निघताना बायकोनं विचारलं, "या वेळी कुणाचं बंद करायला?"

"संभाजीनगरचं," मी म्हणालो. तिनं डब्यात दोन धपाटे जास्त घातले.

माझी नोकरी लग्नकार्यात कुणाला सांगायची म्हटली की पंचाईत होते. संगणकावरची कामं एका गावातून उचलायची आणि जिथं पगार कमी द्यावा लागतो अशा दुसऱ्या गावात नेऊन बसवायची, हा माझा धंदा. आता ज्या कामासाठी निघालो होतो ते मुळात परदेशातलं. ते पुण्यात आलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. पुण्याचे पगार वाढले, तेव्हा ते मीच उचलून छत्रपती संभाजीनगरला नेलं. आणि आता ते तिथूनही निघणार होतं, समुद्रापलीकडच्या एका देशात, जिथली माणसं आणखी कमी पगारात राबतात. या निकालाला माझाच अहवाल कारणीभूत होता. पुण्यात पंख्याखाली बसून, नुसता वेग बघून मी लिहिलं होतं, की संभाजीनगरची टीम फार संथ आहे, विनाकारण वेळ काढते. तिथल्या एकाही माणसाशी बोललो नव्हतो.

बसवर गावाचं नवं नाव, कंडक्टरच्या तोंडी जुनं. नगर मागं पडलं तसा हिरवा रंग संपत गेला. दुष्काळाचं हे सलग दुसरं वर्ष. प्रवरासंगमच्या पुलावरून पाहिलं तर नदी लांब कुठंतरी सरकून बसलेली, आणि उघड्या पडलेल्या पात्रात लोकांनी गाळपेर (पाणी हटल्यावर ओल्या गाळात करतात ती पेरणी) केलेली. वाळूज आलं आणि एकदम चित्र पालटलं. कारखाने, ट्रकच्या रांगा, नवे उड्डाणपूल, अर्धवट बांधलेल्या बारा-बारा मजली इमारती आणि त्यांच्या पायाशी उभे पाण्याचे टँकर. शहर वाढतंय आणि पाणी आटतंय, हे दोन्ही एका खिडकीतून दिसत होतं.

आमचं केंद्र उस्मानपुऱ्यात, पडद्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर. आज नळाचा दिवस नव्हता, म्हणून जिन्यात पाण्याचे जार मांडून ठेवलेले. वर चाळीस बायका आणि मुली, दोघीदोघी संगणकाच्या एका पडद्यासमोर. टीमची प्रमुख सुनीता, बिडकीनकडच्या धनगर घरातली, तिशीची, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी. तिची जोडीदार प्रज्ञा, उस्मानपुऱ्यातच वाढलेली, हुशार आणि तोंडाळ.

"सर, पत्र भेटलं," सुनीता म्हणाली. "बंद करायलेत ना आमचं?"

मी नेहमीची वाक्यं काढली. कंपनीचं धोरण, बाजार, वगैरे. ती ऐकून घेत होती.

"लग्नाआधी मी बी मेंढरामागंच हुते सर. हे काम गेलं तर यातल्या निम्म्या पोरी कुठं जातील, तुमाला म्हाईत नाय. मला हाय."

"आधी तुमचं काम दाखवा," मी म्हणालो.

काम असं. उपग्रहातून काढलेले कोरड्या मुलखांचे फोटो येतात, जगभरातले. त्यात पाणी कुठं आहे ते शोधून त्याभोवती रेघ मारायची. ती खूण पुढं तिकडच्या गुराख्यांच्या, मेंढपाळांच्या मोबाइलवर जाते, आणि ते त्या दिशेनं आपले कळप हाकतात. मी शेजारी उभा राहून बघत होतो. प्रज्ञानं एका तळ्यावर बोट ठेवलं आणि सुनीताला विचारलं, "नेशील का मेंढरं?" सुनीता पडद्याकडं वाकून बघत राहिली. दोन मिनिटं गेली. "नाय नेणार," ती म्हणाली, आणि दोघी पुढच्या फोटोवर गेल्या. मागच्या जोडीतही तोच सवाल चालला होता. त्या पुढच्या जोडीतही.

"हे काय चालवलंय?" मी विचारलं. "नियमावलीत असं काही नाही. काळं चकचकीत दिसलं की रेघ मारा, एवढंच आहे. इथंच वेळ जातो तुमचा."

प्रज्ञा हसली. "सर, तुम्ही मारा ना रेघ. हा घ्या फोटो, इथलाच आहे, बिडकीनचा. परवाचा."

चौकोनी, काळंभोर, लखलखीत शेततळं. मी ऐटीत रेघ मारली. सुनीता म्हणाली, "चला मग. बघूनच येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून आम्ही तिघं बिडकीनकडं निघालो. नव्या औद्योगिक वसाहतीचे रस्ते पाहून मी थक्क झालो. सहा पदरी, दिव्यांचे खांब, दुभाजकात झाडं, आणि वाहन एकही नाही. रिकाम्या भूखंडांवर मेंढरं चरत होती. त्यातला एक कळप सुनीताच्या वडिलांचा. आबा डोक्याला लाल पटका बांधून, काठीवर रेलून उभे होते.

"ह्ये फॅक्टरीवाले लई चांगले," आबा मला म्हणाले. "जागा घेत्यात आन् बांधीत नाईत. आमच्या मेंढराला रान झालं."

तिथून पुढं अर्धा कोस चालत गेलो. आबाही कळप घेऊन आले. वाटेत एक मोसंबीची बाग लागली, पानं पिवळी पडून वळलेली. बागेच्या कडेला तारेच्या कुंपणात माझं तळं. लांबून ते आताही चमकत होतं. मी विजयी मुद्रेनं सुनीताकडं पाहिलं, फाटक ढकललं आणि काठावर चढलो.

खाली पाण्याचा थेंब नव्हता. उन्हात चकाकत होता तो तळ्याला अंथरलेला काळा प्लास्टिकचा कागद. नीट बघावं म्हणून मी एक पाय पुढं टाकला आणि घसरलो तो थेट तळाशी. चष्मा एकीकडं, चप्पल एकीकडं. वर चढायला जावं तर कागद पायाखालून सुळसुळ निसटतो आणि मी पुन्हा खाली. तीनदा प्रयत्न केला. वरून प्रज्ञाचं हसू ऐकू येत होतं.

"सर, पोहता येतं ना?" ती ओरडली.

आबांनी डोक्याचा पटका सोडला, एक टोक खाली टाकलं. "सायेब, पोटाला बांधा आन् गुडघ्यावर या. उभं ऱ्हायलं की घसरतंय." बाप-लेकीनं मला ओढून काढलं. मेंढरंसुद्धा कुंपणापाशी येऊन बघत होती. पन्नाशीच्या माणसाची याहून जास्त शोभा होणं कठीण आहे.

मोसंबीच्या विरळ सावलीत बसून आम्ही भाकरी, ठेचा आणि येसराची आमटी (येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाले दळून केलेलं पीठ) खाल्ली. माझ्या कोपरातून रक्त येत होतं, पण इतकी चविष्ट आमटी मी कित्येक वर्षांत खाल्ली नव्हती.

"हे तुम्हाला फोटोत कसं कळलं?" मी विचारलं.

"मोसंबी पिवळी हाय ना," सुनीता म्हणाली. "तळ्यात पानी असतं तर बाग कोन वाळू दील? उघड्यावरचं पानी असलं तर मेंढराच्या वाटा बघायच्या. चारी बाजूनं येऊन एका जागी मिळत्यात. वाटा पुसट झाल्या असल्या तर पानी बी गेलेलं असतंय. कुठला बी देश असू द्या, मेंढरू सारखंच चालतंय."

आबा शांतपणे म्हणाले, "एका साली मला एकानं सांगितलं, तिकडं पानी हाय. दोन दिस चालवलं कळपाला. नव्हतं पानी." सुनीतानं मान खाली घातली होती. तेव्हा मला तो 'नेशील का मेंढरं?' हा सवाल समजला, आणि माझ्या अहवालाची मनापासून लाज वाटली. ज्याला मी वेळ काढणं म्हटलं होतं, त्या दोन मिनिटांत या पोरी कुणाचा तरी कळप वाचवत होत्या.

परतताना रिक्षातूनच मी परदेशातल्या ग्राहक कंपनीच्या बाईंना फोन लावला आणि एक मागणी केली. ज्या तळ्यांवर तुमची माणसं प्रत्यक्ष जाऊन आली आहेत त्यांचे फोटो आमच्या आणि समुद्रापलीकडच्या नव्या, अशा दोन्ही केंद्रांना पाठवा. कोण बरोबर ते कळेल. बाई तयार झाल्या.

तिसऱ्या दिवशी चाचणी झाली. नव्या केंद्रानं जेवायच्या सुट्टीआधीच काम संपवलं. आमच्या बायका संध्याकाळपर्यंत "नेशील का?" करत बसल्या होत्या, आणि मी जिन्यातले जार मोजत येरझाऱ्या घालत होतो. चौथ्या दिवशी सकाळी पडद्यावर बैठक भरली. एका चौकटीत बाई, एका चौकटीत नव्या केंद्राचा तरुण प्रमुख, एका चौकटीत आम्ही. बाईंनी निकाल वाचला. नव्या केंद्रानं कोरडी तळी धडाधड पाणी म्हणून दाखवली होती. आमच्या केंद्रानं एकाही कोरड्या तळ्याला पाणी म्हटलं नव्हतं. चूक निघाली ती एकच. एक भरलेलं तळं आमच्या बायकांनी सोडून दिलं होतं.

सुनीतानं तो फोटो मागवला. बघून म्हणाली, "सर, सांगा बाईला. पानी हाय, पन पाजन्यासारखं नाय. कडंला पांढरं फुललंय, बघा. खारं हाय ते."

मी इंग्रजीत सांगितलं. बाईंनी आपल्या माणसाला तिथल्या तिथं फोन केला. फोन ठेवून म्हणाल्या, "खरं आहे. तिथली गुरं त्या पाण्याला तोंड लावत नाहीत." चाळीस बायकांनी एकदम ओरडून टाळ्या पिटल्या, खालचा पडदेवाला घाबरून वर आला. नव्या केंद्राचा तरुणही टाळ्या वाजवत होता. तो भला माणूस होता. म्हणाला, "आमच्याकडे बारा महिने पाऊस. रिकामं तळं आम्ही कुणी पाहिलेलंच नाही."

बाईंनी विचारलं, ही टीम वेळ वाया घालवते असं कुणी लिहिलं होतं? "मी," म्हणालो. "न बघता लिहिलं. चुकलो."

मग त्या म्हणाल्या, काम इथंच राहील, आहे त्याच दरानं. मी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात सुनीता उभी राहिली.

"न्हाय म्हना त्यांना."

"अहो, काय बोलताय?" मी कुजबुजलो. "मिळालंय ते सांभाळा!"

"स्वस्त म्हनून आनलं हुतं काम आमच्याकडं. व्हय का नाय? आता स्वस्त म्हनून ठेवू नका. आमाला येतंय म्हनून ठेवा. आन् दर वाढवा. सांगा तसंच."

आजवर असली वाक्यं मी मऊ करून पुढं सरकवली आहेत. या वेळी एक शब्दही गाळला नाही. बाई एक दिवस द्या म्हणाल्या आणि त्यांची चौकट काळी झाली.

त्या दुपारी प्रज्ञा आम्हाला नान-खलिया (मऊ नान आणि मटणाचा तर्रीदार रस्सा) खायला शहागंजच्या बाजूला घेऊन गेली. सुनीता आडवा हात मारत होती. मला घास उतरेना. "टेन्शन काहून घेता सर," प्रज्ञा म्हणाली, "जास्तीत जास्त काय होईल? बंदच करायला आला होतात ना?" हे अगदी खरं होतं, पण आता ते केंद्र बंद पडण्याची भीती मलाच सगळ्यांत जास्त वाटत होती.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. दर वाढला. शिवाय नव्या केंद्रालाही थोडं काम मिळालं, पण त्यांची प्रत्येक रेघ आधी उस्मानपुऱ्यात तपासली जाणार, आणि त्यांना शिकवायला सुनीता तिकडं जाणार. तिनं पहिला फोन आबांना लावला. "आबा, पासपोर्ट काढायचाय," ती म्हणाली, आणि मग तिला बोलताच येईना. फोन प्रज्ञानं घेतला आणि तीही रडायला लागली. मी चष्मा पुसायच्या निमित्तानं खिडकीशी गेलो.

परतीच्या बसमध्ये मी आमच्या कंपनीचा फॉर्म भरायला घेतला. त्यात एक रकाना असतो, 'ठिकाण निवडण्याचं कारण'. पर्याय ठरलेले असतात आणि इतकी वर्षं मी डोळे झाकून पहिलाच निवडत आलो, 'कमी खर्च'. जिथून काम उचललं आणि जिथं नेऊन बसवलं, त्या माणसांना काय येतं हे मी कधी विचारलं नव्हतं आणि फॉर्मनंही नाही. या वेळी सगळे पर्याय सोडून खाली टाइप केलं, 'यांना पाणी ओळखता येतं.'

फॉर्म पाठवला, तर वाळूज ओलांडायच्या आत आमच्या कंपनीतल्या साहेबांचा फोन आला. "अहो, हे कारण यादीत नाही."

"मग यादीत घाला," मी म्हणालो.