ढिला बांधलेला तंबू

बुरहानपूर स्टेशनवर अप्पांनी, माझ्या वडिलांनी, माझी बॅग खिडकीतून आत सरकवली आणि म्हणाले, "तिकडं थंडी राहते. गादीवर गादी टाकून झोपजो." बस, एवढंच. आई आली नव्हती. स्टेशनवर रडणाऱ्या बाया तिला आवडत नाहीत, असं ती म्हणाली होती. खरं म्हणजे तिला घरी एकटीला रडायचं होतं. दादा, माझा मोठा भाऊ, फलाटावर फोनवर बोलत फेऱ्या मारत होता. गाडी सुटली तेव्हा त्यानं फोन न सोडता हात केला. मी पंचवीस वर्षांची होते आणि शिमल्याच्या वर एका कोल्ड स्टोअरमध्ये सफरचंदं सांभाळायला निघाले होते. केळीच्या गावातली पोरगी सफरचंदाच्या नोकरीला चालली, याचं आमच्या फोपनारमध्ये बरंच हसू झालं होतं. दिवाळीपर्यंत परत येईल असा सगळ्यांचा अंदाज होता.

त्याला अकरा वर्षं झाली. फोपनारला राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं इंदूर, पुणे, सुरत धरून निघून गेलेल्यांनो, हे मी तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. राहिलेल्यांना वाटतं, गेलेल्यांचं इथं आता काही नाही. गेलेल्यांनाही हळूहळू तसंच वाटायला लागतं, आणि ते जास्त वाईट. मलाही वाटायला लागलं होतं.

तिकडे सगळं उलटं आहे. केळीला थंडीचा चरका लागला की घड काळा पडतो, म्हणून हिवाळ्यात अप्पांच्या जिवाला घोर असायचा. माझ्या सफरचंदांना मात्र थंडीच लागते. दोन अंश इकडे तिकडे झालं की मी जॅकेट चढवून चेंबरकडे धावते. घडांच्या जागी पेट्या आल्या, कळण्याच्या भाकरीच्या जागी राजमा-चावल आला. पहिल्या दोन वर्षांत मी रडून घेतलं. तिसऱ्या वर्षी पगारातून मोटरसायकल घेतली आणि रडणं आपोआप कमी झालं. घाटात रडत गाडी चालवता येत नाही.

मागच्या वर्षी अप्पा गेले. तेराव्यानंतर मी परत डोंगरात आले, आणि या जूनमध्ये, शाळेला सुट्टी असताना, वैशाली माझ्याकडे आली. वैशाली म्हणजे बुरहानपूरच्या शनवारा भागातली माझी कॉलेजची मैत्रीण. आता शाळेत गणित शिकवते, आणि मोटरसायकलवर मागे बसूनही पुढच्या माणसाला गाडी कशी चालवायची ते शिकवते. सहा दिवसांची सहल ठरली होती: नारकंड्यावरून खाली सतलजला उतरायचं, किन्नौर करून स्पितीत जायचं, आणि जिथं दिवस मावळेल तिथं तंबू ठोकायचा. तिच्या सासरी "शिमला पाहायला चालली" एवढंच सांगितलं होतं. तंबूचा विषय तिनं काढला नव्हता.

पहिल्या मुक्कामी, देवदारांच्या कडेला स्टोव्हवर चहा उकळत असताना तिनं बॅगेतून दराब्याचा, आमच्याकडच्या रव्याच्या मिठाईचा, डबा काढला आणि डब्याखालून एक पाकीट. "तुझ्या दादानं दिलं. म्हणे कागद आहे, विसरू नको."

कागद फौतीचा होता. फौती म्हणजे मेलेल्या माणसाचं नाव जमिनीवरून उतरवून वारसांची नावं चढवायची. पण आमच्याकडे बहिणींची नावं चढत नाहीत. त्या आधीच लिहून देतात की आम्हाला काही नको, सगळं भावाला द्या. कोणी जबरदस्ती करत नाही. लेक सही करते, भाऊ साडी नेसवतो, पुरण होतं, आणि माहेर शाबूत राहतं. जी सही करत नाही तिच्याबद्दल गावात वर्षानुवर्षं बोलतात. कागद माझा आणि आईचा मिळून होता. आईची सही अगोदरच होती, शाळेत पहिल्यांदा अक्षर गिरवल्यासारखी. तिच्याखाली माझ्यासाठी पेन्सिलनं फुली मारून ठेवली होती.

"मी तर माझ्या कागदावर सही कुकरच्या शिट्ट्या मोजत केली होती," वैशाली म्हणाली. "वाचलंसुद्धा नाही. साडी छान दिली होती पण."

मी दादाला फोन लावला. कागद मिळाला म्हणून सांगायला, दुसरं काही मनात नव्हतं. तो खुशीत होता. "बस साइन कर अन् वैशालीजवळ दे. बाकी पटवाऱ्याचं मी पाहून घेतो. तुले तसंही काय समजतं आता वावरातलं? तू कधी वावरात पाय तरी ठेवला का?" मग आईनं फोन घेतला. "करून टाक बाई सही. माहेर राहील."

मी हो म्हणाले. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं. मला कुठे केळी लावायची होती? मला माझ्या आईचा आवाज हवा होता, भाऊबीजेला बसायला पाट हवा होता. अप्पा गेल्यावर तेवढंच उरलं होतं आणि तेही जाईल अशी भीती होती. पाकीट मी मोटरसायकलच्या टाकीवरच्या बॅगेत ठेवलं. परत पोचल्यावर नीट टेबलावर बसून सही करू, असं ठरवलं.

पुढचे तीन दिवस आम्ही गाडी चालवली. रस्ता कधी डोंगर कोरून काढलेला, वर दगडाचं छप्पर आणि खाली खोल सतलज. वैशाली अवघड वळणावर माझी कंबर इतकी घट्ट धरायची की श्वास घेता यायचा नाही, आणि वळण संपलं की म्हणायची, "मी काही घाबरले नव्हते." पूह गाव मागे टाकल्यावर झाडं संपली. उघडे, मातकट डोंगर बघून ती म्हणाली, "हे तर आपल्या मे महिन्यासारखं दिसतं, फक्त थंड." आम्ही दोघी तापीकाठच्या. बुरहानपूरच्या राजघाटावर नदी कशी पसरून बसते ते आम्हाला ठाऊक. इथली नदी घाईत होती.

चौथ्या दिवशी काझाच्या अलीकडे स्पिती नदीच्या पात्राजवळ सपाट जागा दिसली आणि दुपारीच थांबलो. तंबू मी बांधला. माझा तंबू, माझा हात, वैशालीला मी दगडावर बसवून ठेवलं होतं. तासाभरानं वारा सुटला. तिथं दुपारनंतर वारा सुटतोच, हे मला माहीत होतं, म्हणून तर मी इतकं लक्ष देऊन बांधला होता. आम्ही बाहेर बसून मॅगी खात होतो. तंबू आधी फुगला, मग फडफडला, मग एकामागून एक खुंट्या निघाल्या, आणि तो आमच्या पांघरुणांसकट नदीकडे चालू लागला. आम्ही दोघी छत्तिशीतल्या बाया गोट्यांवरून धावलो. मी पडले, गुडघा फुटला. वैशालीनं शेवटी एक दोरी पकडली आणि सरळ तंबूवर जाऊन झोपली. एक काठी मोडली होती.

"कोन बांधतं असं?" ती पडल्या पडल्या ओरडली. "सगळ्या दोऱ्या ढिल्या. चार चार बोटं ढील. इतक्या वर्षांत तुले कोनी शिकवलं नाही का?"

मी दोरी हातात धरून उभी राहिले. शिकवलं होतं. अप्पांनी शिकवलं होतं.

घड भरला की केळीचं झाड एका अंगाला कलतं. उन्हाळी वादळात ते मधूनच मोडतं, म्हणून त्याला शेजारच्या झाडाशी बांधावं लागतं. आवळून बांधलं तर दोरी ओल्या खोडाला कापते आणि झाड तिथंच तुटतं. म्हणून चार बोटं ढील ठेवायची, वाऱ्यात झाडाला हलू द्यायचं. आठवीपासून कॉलेज संपेपर्यंत प्रत्येक उन्हाळ्यात मी अप्पांबरोबर झाडं बांधली. ते पुढं, मी मागं. केळीचा डाग लागून माझा एकही पंजाबी ड्रेस धड राहिला नव्हता. दादा त्या सगळ्या वर्षांत इंदूरला होता, स्पर्धा परीक्षेच्या क्लासला. त्याला मी दोष देत नाही, अप्पांनीच पाठवला होता. पण सुट्टीत आला तरी तो ओसरीवर पंख्याखाली झोपायचा.

आणि तोच मला विचारत होता, तू कधी वावरात पाय ठेवला का.

डोंगरात अकरा वर्षं राहून, पंचवीस वेळा तंबू ठोकून, आजवर दोऱ्या ताणूनच बांधल्या होत्या. त्या दिवशी डोक्यात तो कागद होता, अप्पा होते, आणि हात आपले आपले चालले. नदीकाठच्या वाळूत त्या हातांनी केळी बांधली. मला आधी हसू आलं, मग जो राग आला तो अजून गेलेला नाही. जावा अशी इच्छाही नाही. ज्या हातांना ते वावर अजून पाठ होतं, त्याच हातांनी मी लिहून देणार होते की माझा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि मला कोणी भाग पाडत नव्हतं. मी पुरणाच्या पोळीसाठी खुशीनं द्यायला निघाले होते.

मोडकी काठी पट्टीनं जोडली, खुंट्यांवर धोंडे ठेवले, दोऱ्या वाजतील इतक्या ताणल्या. वैशालीनं एकही प्रश्न विचारला नाही. गणिताच्या बाईला उत्तर कधी निघतं ते कळतं.

दुसऱ्या दिवशी काझात रेंज आली. बाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसून मी दादाला फोन केला.

"झाली का साइन?"

"नाही केली. करनार बी नाही. कागद बी माघारी येनार नाही. माझं नाव चढू दे. अन् आईचं बी."

"तुले काय डोंगरातून येऊन केळी लावायची हायेत?"

"नाही. पन जिथं लावल्या तिथं माझं नाव पाहिजे. वावर तूच कर, मी आडवी येत नाही."

"फालतूचा झमेला. मंग माहेरी कोनत्या तोंडानं येशील?"

"मोटरसायकलवर येईन," मी म्हणाले. त्यानं फोन ठेवला. वैशाली शेजारी बसली होती. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "मी शिट्ट्या मोजायला नको होत्या." मग आम्ही नूडल्सचा गरम थुक्पा खाल्ला आणि परतीला लागलो.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. दादाचा फोन बंद झाला. आई बोलायची, पण दोन मिनिटं, आणि मागं कोणीतरी उभं असल्यासारखी. इंदूरच्या मावसबहिणीनं मेसेज केला की बाहेर राहून डोकं फिरतं माणसाचं. पुण्याच्या एका मैत्रिणीनं विचारलं की खरंच एवढं करायची गरज होती का. होती. पावसाळ्यात तहसीलमधून नोटीस आली, मी येऊन बयान देऊन गेले, आणि फौतीत तीन नावं चढली. त्या दिवशी घरी गेले नाही. हिंमत झाली नाही, हेही लिहून ठेवते.

दिवाळीत मात्र गेले. पेट्या भरायचा सीझन संपला होता. चार दिवस गाडी चालवून, धुळीनं माखून, भाऊबीजेच्या आदल्या दुपारी फोपनारला पोचले. भाऊबीजेचं बोलावणं आलं नव्हतं. म्हणून घराकडे वळले नाही, सरळ वावरात गेले आणि विहिरीजवळ तंबू ठोकला. गाव बघायला आलं. कोणी विचारलं, सर्कस आली का. मी म्हटलं, हो, तिकीट लागत नाही.

दादा संध्याकाळी बांधावर येऊन उभा राहिला. "घर असून बाहेर झोपशील तर लोकं काय म्हनतील?"

"बाहेर कुठं? आपल्याच वावरात तर हाय."

त्यानं कान खाजवला. अप्पांसारखाच तो बोलता बोलता कान खाजवतो हे माझ्या लक्षात आलं आणि मला त्याला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. तो विहिरीची मोटर चालू करून निघून गेला. आमचं अजून तिथंच अडलेलं आहे, आणि माझं मन त्यासाठी दुखतं. पण दुखतं म्हणून ते चुकीचं होतं असं कोणी मला सांगू नये.

गेलेल्यांनो, आपण गावाबद्दल बोलताना पाहुण्यासारखे बोलायला लागतो. काय सुंदर, काय शांत, काय ती केळी. आठवणींना कोणाची हरकत नसते, त्या हव्या तेवढ्या न्याव्यात. मला आठवणी पुरल्या नाहीत. घर म्हणजे माझ्यासाठी आता अशी जागा, जिथं मला न बोलावता येता येतं आणि जिथून मला कोणी उठवू शकत नाही. डोंगरातली भाड्याची खोली मी मेहनतीनं मिळवली. इथलं मला फक्त सोडायचं नव्हतं, आणि त्याला जास्त मेहनत लागली.

भाऊबीजेच्या सकाळी आई आली. एकटी, पायी, डब्यात भाकरी आणि शेवेची भाजी घेऊन. तंबूत वाकून शिरली, गादी चाचपून पाहिली, मग बाहेर येऊन विहिरीच्या कठड्यावर बसली. मी खात असताना ती माझ्याकडे नाही, मोटरसायकलकडे बघत होती.

"माझं बी नाव चढलं म्हने."

"हो. तिसरा हिस्सा तुझा."

"मले कोनी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. नाव चढवताना की आधी सही घेताना, ते तिनं सांगितलं नाही. मग उठून गाडीच्या मागच्या सीटवर हात फिरवला, धूळ पदरानं पुसली.

"यावर मले बसता येईल का?"

"कुठं जायचं?"

"रावेरकडं. माझ्या भावाकडं," आई म्हणाली. "आज भाऊबीज हाय. अन् चाळीस वर्षांपूर्वी एका कागदावर माझी बी सही घेतली होती. काय लिहिलं होतं त्याच्यावर, ते विचारून येऊ."