काका, या वयात कशाला?

दत्तूकाका गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्यांना दीर्घायुष्य चिंतलं. झालं असं, की सकाळी चष्मा न लावता फोन उघडला, तर घरच्या ग्रुपवर त्यांच्या मुलाने, सुधीरने, काकांचा हार घातलेला फोटो टाकलेला. नव्वदी ओलांडल्यापासून ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींत काकांचा दर दोन महिन्यांनी कुठे ना कुठे सत्कार व्हायचाच. मी लगेच लिहिलं, 'शतायुषी व्हा! पेढे कधी?' दुसऱ्या मिनिटाला पुण्याहून मुलीचा फोन. "बाबा, खालचं वाचलं नाहीत का? काका गेले! जल्दी डिलीट करा!" मी घाईघाईने पुसलं... पण फक्त माझ्या फोनवरून. बाकी साऱ्या नातेवाइकांच्या फोनवर माझे पेढे दिवसभर तसेच होते.

काका असते तर पोट धरून हसले असते. माझ्या वडिलांचे हे चुलतभाऊ माधवगंजात आमच्या पुढच्याच गल्लीत राहत. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, एका दुपारी काठी टेकत आमच्याकडे आले. रुमालात गुंडाळलेला नवा फोन माझ्यापुढे ठेवला. "विनू, हे मला शिकव. सुधीरला वेळ नाही आणि नातवंडांना धीर नाही." मी पंचवीस वर्षं शाळेत मुलांना शिकवणारा मास्तर, पण माझ्या तोंडून निघालं काय, तर "काका, या वयात कशाला? कुणाशी बोलायचं ते सांगा, मी लावून देतो." काका म्हणाले, "लावून देता आणि सगळे समोर उभे राहता. मला कुसुमशी एकट्याने बोलायचंय." कुसुमआत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण, भावंडांतली तेवढीच उरलेली, इंदूरला अंथरुणाला खिळलेली. मी थट्टेने म्हटलं, "एवढं काय गुपित आहे?"

काका हसले नाहीत. काठीच्या मुठीवर हात चोळत मग सांगू लागले... त्यांचे वडील गोरखी वाड्याजवळच्या एका कचेरीत दफ्तरदार होते. मोडी अक्षर असं, की लोक कागद नुसता बघायला मागत. संस्थान विलीन झालं, आपण मध्य भारतात गेलो, मग तेही मोडलं आणि राजधानी भोपाळला गेली. कचेऱ्या जोडल्या, तोडल्या, पुन्हा जोडल्या. एक दिवस हुकूम आला, यापुढे सगळं हिंदीत आणि टाइप करून. काका त्याच कचेरीत नवे कारकून होते. क्लासला जाऊन महिनाभरात टाइपरायटर शिकले. वडिलांना मात्र रुमालात बांधलेल्या जुन्या दफ्तरांची धूळ झटकायला मागच्या खोलीत बसवलं. "एका संध्याकाळी बाबांनी मला विचारलं, 'दत्तू, बोटं कुठे ठेवायची, मलाही दाखव रे.' मी म्हटलं, 'बाबा, या वयात काय करायचंय?' पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही. विनू, तू आज आहेस ना, त्याहून चार वर्षांनी लहान होते ते." आणि मग हळूच, "कुसुमला हे माहीत नाही. तिला वाटतं, बाबांनाच शिकायचं नव्हतं. जायच्या आत तिला सांगायचंय."

दुसऱ्या दिवसापासून रोज चार वाजता वर्ग. काकांची बोटं टाइपरायटरची. काचेवर असे ठोके घालायचे, की काच आता तडकते असं वाटायचं. "अहो काका, ठोकू नका! टेकवा नुसतं!" मी ओरडायचो. बायको आतून म्हणायची, "अहो, शाळेतली पोरं नाहीत ती." काका शांत. "चिड तू, पण सांग." सतराव्या दिवशी त्यांनी स्वतः फोन लावला. पडद्यावर आधी छत आलं, मग आत्याचं अर्धं कपाळ. "दत्तूदादा? कुणी लावून दिला रे?" "मी लावला. मी!" असं म्हणून काकांनी मला डोळ्यांनीच दार दाखवलं. मी बाहेर आलो आणि दाराशीच घुटमळलो, तर बायकोने दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. पाऊण तासाने काका बाहेर आले, डोळे लाल, आणि मधुमेह विसरून दोन चमचे साखरेचा चहा मागितला. त्यानंतर तीन वर्षं भाऊबहीण रोज बोलत.

तेराव्यानंतर सुधीर एक वही घेऊन आला. "विनूदादा, बाबांच्या उशाखाली होती. सगळं मोडी. हमको तो इसमें अपना नाम भी पढ़ना नहीं आता." मलाही कुठे येतं? पानापानावर फोनची चित्रं, बाण, शेजारी मोडीच्या ओळी. मी पानांचे फोटो काढून आत्याला पाठवले. तिला तिच्या वडिलांनीच मोडी शिकवलेली. संध्याकाळी तिचा फोन आला. क्षीण आवाजात वाचू लागली, "हिरव्या खुणेवर बोट टेकवावे. ठोकू नये. कुसुमचे नाव वरून तिसरे..." आणि थांबली. "पुढचं वाचू?" "वाचा की." "'विनू फार चिडतो. पण चार वाजता दारात वाट बघत उभा असतो. मी बाबांजवळ एक दिवसही बसलो नाही.'"

मी फोन ठेवला. बायको शेजारी मेथी निवडत सगळं ऐकत होती. पानं बाजूला सारून म्हणाली, "उद्या चार वाजता मला ते फोनवरून रेल्वेचं तिकीट काढायला शिकवा. तीन वर्षं मागे लागलेय, तर 'तुला कशाला' म्हणता. आणि चिडलात, तर मीही लिहून ठेवीन. मला मोडी येत नाही, देवनागरीतच लिहीन. सगळ्यांना वाचता येईल."