ओल्या चुन्याचा तास

कमलाक्षी टीचरचा चित्रकलेचा तास म्हणजे वाड्यावरचा सार्वजनिक नळ. कोणीही यावं, आपली घागर भरून न्यावी. विज्ञानाचा धडा संपत नाही? टीचरचा तास घ्या. गणिताची चाचणी राहिली? टीचर आहेतच. पेडण्यातल्या त्या शाळेत एकवीस वर्षं त्या हसून "घ्या हो" म्हणत आल्या आणि आतल्या आत चरफडत राहिल्या. भिडस्त माणसाला नाही म्हणणं डोंगर चढण्याहून जड जातं.

गेल्या वर्षी मात्र पाणी डोक्यावरून गेलं. मुख्याध्यापक परेश सरांनी बोलावून सांगितलं, "टीचर, पुढच्या वर्षी सातवीचे चित्रकलेचे दोन्ही तास गणिताला देऊया. नाहीतरी ते होतात कुठे?" बोलणं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

"गॅदरिंगपर्यंत थांबा, सर," त्या म्हणाल्या. "मुलांनी काही करून दाखवलं नाही, तर तास तुमचे."

काय करायचं ते ठरलेलंच होतं. टीचरचे वडील शांताराम, सर्वणचे गवंडी. देवळांच्या भिंतींवर कावी काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार अवजाराने खरवडायचा. खालचा पांढरा चुना वर येतो, तेच चित्र. पण ती ओल दोन-तीन तासांची. नंतर भिंत म्हणजे दगड.

दिवाळी सरताच पिंपात चुना भिजला. वाळू आणि गूळ घालून सातवीच्या मुलांनी तो पंधरा दिवस पाळीपाळीने कुटला. गौरेश तर पांढराफटक युनिफॉर्म घेऊन घरी गेला आणि आईचा मार खाऊन आला. दुसऱ्या दिवशी कुटायला पहिला तोच.

मग एका मंगळवारी सकाळी टीचरनी पदर खोचून व्हरांड्याच्या भिंतीवर पांढरा गिलावा करून त्यावर तांबडा थर दिला. मुलं कंपासपेटीतली कर्कटकं घेऊन भिंतीला भिडली. कोणी मोर काढला, कोणी नारळ उतरवायला माडावर चढलेला पाडेली. ऋतिकाने काय काढावं? तुयेच्या कारखान्याची बस!

भिंत अर्धी झाली नि घंटा वाजली. गणिताचे गोकुळदास सर हजर.

"टीचर, चाचणी आसा. पोरांक धाडा."

तीस हात थबकले. टीचरच्या ओठांवर सवयीचे शब्द आलेच होते. त्यांनी भिंतीला बोट लावून पाहिलं. जेमतेम तासाभराची ओल उरली होती.

"धाडचीं ना, सर."

"कितें?"

"चाचणी फाल्यां घेवंक येता. चुनो फाल्यां फातर जातलो." उद्या हा चुना दगड झालेला असणार होता.

"आनी हीं कर्कटकां? गणिताचीं न्ही तीं?"

"आयज माझीं."

मुलं फिस्सकन हसली. सर तणतणत गेले ते परेश सरांना घेऊनच आले. टीचर वळल्यासुद्धा नाहीत. मोर काढणाऱ्या सेजलचा हात धरून त्या पिसारा दाखवत राहिल्या. परेश सर ऋतिकाच्या बसपाशी थांबले. खिडकीत एक बाई डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"ही कोण गो?"

"आई. सकाळच्या पाळीक जाता."

परेश सर वाकून तो डबा न्याहाळू लागले. मग म्हणाले, "गोकुळदास, चाचणी उद्या घ्या."

गॅदरिंगला नाटकापेक्षा जास्त गर्दी व्हरांड्यात झाली. ऋतिकाच्या आईने बसमधल्या बाईचा फोटो तीनदा काढला. कारापूरहून आलेल्या टीचरच्या थोरल्या भावाने भिंतीवरून तळवा फिरवला आणि "हो बाबाचोच हात गो" एवढंच म्हणाला. टीचरना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

स्टेजवरून परेश सरांनी जाहीर केलं, की सातवीचे दोन्ही तास राहतील, आणि नव्या वर्षी आठवीलाही चित्रकलेचा एक तास मिळेल. टाळ्या पडल्या. टाळ्या ओसरल्या तरी कमलाक्षी टीचर उभ्याच होत्या.

"सर, एक तास पुरो ना," भरल्या मांडवात त्या मोठ्याने म्हणाल्या. "चुनो म्हणजे काय चाय न्ही, एका तासांत जावपाक. दोन तास जाय."

मांडव हसला, परेश सरांनी हात जोडले, आणि जूनच्या वेळापत्रकात आठवीच्या रकान्यात चित्रकला दोनदा लिहिलेली होती.