लिझाचा शब्द

शेजारून लसूण आणि व्हिनेगरचा वास आला की मला ल्यूकन या आयरिश गावातली लिझा आठवते. फिलिपिन्समधल्या सेबूची. माझ्या तीन वर्षांच्या लेकीला, ईराला, ती सांभाळायची. एका संध्याकाळी न्यायला गेले, तर ईरा तिच्या मांडीवर डोळे मिटून पुटपुटली, "लामी."

लिझा हसली. "चवदार जेवणाला आम्ही लामी म्हणतो. गार वाऱ्याला, छान झोपेलासुद्धा."

माझ्या तूप घातलेल्या वरणभाताला ईरा तिथल्या लोकांसारखं नुसतं 'ग्रँड', म्हणजे 'ठीक आहे', म्हणायची. माझा असा जळफळाट झाला! महिन्याभरात मी तिला क्रेशमध्ये घातलं. लिझाला सांगितलं, ऑफिसजवळ पडतं.

ईराला आता तो शब्द आठवतही नाही. रविवारी दुपारी रजईत शिरले, की माझ्याच तोंडून निघतो.