वन्संच्या ताटातली नाचणी

माझ्या मुलीच्या बारशाला आई दोन एसट्या बदलून आली. आमचं माहेर पालीच्या पलीकडे, सुधागडच्या डोंगरात. तिच्या डोक्यावर गोणपाटाचं बोचकं होतं आणि त्यात नाचणी, कुळीथ, थोडे राते म्हणजे लाल तांदूळ. बाळंतिणीच्या अंगात ताकद यावी म्हणून तिनं सगळं स्वतः निवडून, पाखडून आणलं होतं.

माझं सासर अलिबागेजवळच्या नारळी-पोफळीच्या गावातलं. त्या घरात सत्ता होती मोठ्या नणंदेची. नवरा वारल्यावर त्या मुलाला घेऊन माहेरी आल्या आणि शेजारच्या घरात राहू लागल्या. मी त्यांना वन्सं म्हणते. वन्संनी बोचक्यात हात घातला, मूठभर नाचणी वर काढली आणि भरल्या ओटीवर सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "आमच्याकडे हे गुरं खातात हो!" मग गड्याला हाक मारून बोचकं गोठ्यात पाठवलं.

बायका हसल्या. आईनं बाळाला तीट लावली आणि म्हणाली, "येते मी. शेवटची गाडी जायाची न्हायतर." दुपारचे बारा वाजले होते. ती जेवलीसुद्धा नाही. मी आत, बाजेवर, टाके घातलेली. उठून तिच्यामागे जाता आलं नाही. माझा नवरा खाली मान घालून पानं वाढत राहिला.

आई पुन्हा माझ्या दारात आली नाही. काही वर्षांनी गेली.

मी गावच्या शाळेत शिकवत होते. क्षमा कशी मोठी असते वगैरे मुलांना सांगायचे आणि घरी येऊन वन्संच्या पाठीकडे बघत भाजी चिरायचे. दुसऱ्या एखाद्या बाईनं सोडून दिलं असतं. मी नाही सोडलं. दर वर्षी बारशाचा दिवस आला की मी तो ओटीवरचा प्रसंग मनात पहिल्यापासून पुन्हा बघायचे, कोण कोण हसलं होतं तेही आठवून ठेवायचे.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला साखर निघाली. गुडघे दुखायचे, वर्गात उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि विचारलं, "लहानपणी काय खायचात?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तेच खा. कोंड्यासकट धान्य, मोडाची कडधान्यं, पाला, सालासकट फळं. पांढरा भात, बिस्किटं, खारी बंद. पण एक लक्षात ठेवा. खाणं बदललं की मला येऊन सांगायचं. गोळ्या तशाच चालू ठेवल्यात तर साखर एकदम खाली जाईल."

तब्येतीसाठी मी हे केलं असतं की नाही, कोण जाणे. मी केलं ते रागानं. माहेरच्या भावाकडून नाचणी मागवली आणि वन्संच्या खिडकीसमोरच्या अंगणात मुद्दाम वाळत घातली. भाकरी भाजताना खरपूस वास त्यांच्या घरात जाईल अशी मागच्या चुलीवर भाजायचे. शेवग्याचा पाला, टाकळा, मोड आलेले कुळीथ, हिरवा पेरू. प्रत्येक घास मी वन्संना दाखवून खाल्ला. वर्षभरात दोनातली एक गोळी बंद झाली. दुसरी अजून आहे. पण शाळेची टेकडी न थांबता चढू लागले, आणि वन्संनी ते बघितलं हे मला त्या गोळीपेक्षा गोड लागलं.

मग त्यांची पाळी आली. त्यांची साखर जुनी, पथ्य शून्य. पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती भरेना. मुलगा-सून पनवेलला नोकरीला. ड्रेसिंग चालू होतं, इंजेक्शनं चालू होती, साखरेच्या गोळ्या होत्याच, पण डॉक्टरीणबाईंनी त्यांना बजावलं होतं की खाणं सुधारलं नाही तर अंगठा जाईल. एका सकाळी त्या माझ्या मागच्या दारात भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"डॉक्टर म्हणाली, भावजयीला विचारा ती काय खाते ते."

"मग विचारा."

"काय खातेस?"

"वन्सं, तुम्हाला माहीत आहे मी काय खाते ते."

त्यांनी चुलीवरच्या तव्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मलाही दे."

मी दिलं. घरी डबा पाठवता आला असता. पण मी त्यांना लंगडत रोज माझ्याकडे यायला लावलं. खुर्ची मांडली मागच्या पडवीत, गोठ्याकडे तोंड करून. गुरं कधीच विकली होती, गोठ्यात आता सायकली आणि नारळाची सोडणं होती. त्या मुकाट्यानं भाकरी चावायच्या आणि मी दारात उभी राहून त्यांचा जबडा हलताना बघायचे. "घ्या ना अजून," म्हणायचे. असं सुख मला सणावारीही मिळालं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. गोळ्यांची. खाणं बदललंय हे डॉक्टरांना कळवायला हवं, हे मला पक्कं ठाऊक होतं. वन्संनी विचारलं नाही, मी बोलले नाही. मनात म्हटलं, मोठ्या आहेत, त्यांचं त्या बघतील. हे खोटं होतं. मला त्यांना थोडं कोसळलेलं बघायचं होतं.

सतराव्या की अठराव्या दिवशी दुपारी त्या पडवीत आल्या त्या घामानं थबथबलेल्या. हात कापत होते. मला ओळखलं नाही. "आई, पाणी," म्हणाल्या आणि खुर्चीतून सरकल्या. मी मशीन लावून बघितलं, साखर पन्नासच्या खाली. अजून गिळता येतंय म्हटल्यावर साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. केस विरळ झाले होते, टाळू दिसत होती. दहा मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले आणि मला म्हणाल्या, "तू होतीस म्हणून वाचले गं."

मी त्यांना रिक्षात घालून अलिबागला नेलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या कमी केल्या आणि माझ्याकडे रोखून बघितलं. "तुम्हाला सांगितलं होतं ना मी?" मी मान हलवली. वन्संना ऐकू गेलं, पण अर्थ लागला नाही.

चार-पाच महिन्यांत जखम भरली. अंगठा राहिला. आणि मग वन्सं गावभर सांगत सुटल्या, "आमच्या घरात पहिल्यापासून नाचणीच! आताच्या पोरींना काय कळतंय?" मला हे तिसऱ्या घरातून कळलं. त्या दिवशी माझी भाकरी तव्यावर करपली.

गौरीच्या हळदीकुंकवाला त्याच ओटीवर बायका जमल्या होत्या. वन्संनी पुन्हा तेच सुरू केलं. मी हातातलं तबक खाली ठेवलं आणि बोलले. बारशाच्या दिवशी माझ्या आईला काय म्हटलं गेलं, ती किती वाजता न जेवता निघाली, कोण हसलं होतं. हसलेल्यांपैकी दोघी तिथेच बसल्या होत्या. मग गोळ्यांचंही सांगितलं. ते लपवून बाकीचं सांगितलं असतं तर माझ्यात आणि वन्संत फरक काय राहिला असता?

वन्सं म्हणाल्या, "म्हणजे तू मला मारायला निघाली होतीस."

"हो. थोडी."

"आणि मी तुला आशीर्वाद देत होते!"

"गोळ्यांचं चुकलं माझं. त्याची माफी मागते. बाकी कशाची नाही."

त्या उठल्या, पदर सावरला आणि गौरीचा प्रसाद न घेता निघून गेल्या. तेव्हापासून बोलत नाहीत. स्वयंपाकाला त्यांनी एक बाई ठेवली आहे. ती मधूनमधून येऊन मला विचारते, कुळथाला मोड किती दिवसांत येतात, पाल्यात मीठ कधी घालायचं. मी नीट सांगते, एकही गोष्ट लपवत नाही.

रोज सकाळी वन्सं वाडीतून चार फेऱ्या मारतात, काठीशिवाय. त्यांनी मला माफ केलेलं नाही आणि मीही त्यांना केलेलं नाही. कुंपणाच्या अलीकडे मी फिरते, पलीकडे त्या, आणि दोघीही बघून घेतो की दुसरी अजून चालतेय.